पंप माझ्याकडे, डबा तुझ्याकडे

फिलो,

परवा तुझ्या एलनचा फोन आला. तुझ्या नावाने महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, येत्या रविवारी वसईला, तुमच्या गावच्या चर्चमध्ये आहे. ती झाल्यावर मी पाच मिनिटं बोलावं असं तुझ्या लेकीला वाटतं. "आंटी, ती स्पेनची स्टोरी सांगा ना. तुम्ही वर टॉपला ममीसाठी जागा धरून बसला होता, ती. एव्हरीबडी लव्ह्ज इट." मी हो म्हटलं, तिकिटाचं बोलले, फोन ठेवला. मग लक्षात आलं की ती गोष्ट खरी नाही.

ती तू रचलीस. सात वर्षं सांगितलीस, आणि मी समोर बसून एकदाही दुरुस्त केली नाही. रविवारी तुझ्या माणसांसमोर उभं राहून तीच पुन्हा सांगायची की खरी सांगायची, हे मला ठरवायचं आहे. बोलताना मी सोयीचं तेवढं बोलते, हे तुला माहीत आहे. म्हणून आधी लिहून काढते.

तू गेलीस त्याला तीन आठवडे झाले. कशाने, किती वाजता, जवळ कोण होतं, सगळं एलनने सांगितलं. ते इथे लिहीत नाही. तू नर्स होतीस, तसल्या नोंदी जन्मभर लिहिल्यास, तुला त्यात नवीन काही नाही.

सायकलींपासून सुरुवात करते. अल खोरच्या कंपनी कॉलनीत कुणी कतार सोडून निघालं की दारावर कागद लागायचा: सोफा, वॉशिंग मशीन, कुंड्या, सगळं विकणे आहे. कॉलनीतला रामोन आणि त्याची बायको स्पेनला परत निघाले तेव्हा मी त्यांच्याकडे मिक्सर बघायला गेले होते आणि तू पडदे. तोवर आपली ओळख म्हणजे दवाखान्यात तू माझ्या नवऱ्याचं, सुधीरचं बीपी घ्यायचीस आणि "मीठ कमी करा, भाऊ" म्हणायचीस, तेवढीच. मिक्सर आधीच गेला होता. पडदे आखूड निघाले. व्हरांड्यात दोन सायकली उभ्या होत्या, बारीक टायरच्या, मेंढ्याच्या शिंगांसारखी हँडलं असलेल्या. तू एकीच्या सीटवर हात ठेवून विचारलंस, "या कुणी घेत नाही का?"

रामोन म्हणाला, "इथे कोण घेणार? या देशात चढ कुठे आहे?"

मग त्याने भिंतीवरचा नकाशा दाखवला. ग्रानादाच्या मागे सिएरा नेवादाचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी त्याचं गाव, गावावर चार गोल बुरुजांचा किल्ला. गावातून निघून डोंगर ओलांडून पलीकडे उतरणारा रस्ता त्याने बोटाने आखून दाखवला. चढ चौदा किलोमीटर. "माझी आई तिथेच असते. या कधीतरी." निघताना सगळेच असं म्हणतात. तू मात्र पर्समधून डायरी काढून पत्ता लिहून घेतलास. मी अडतीस वर्षांची होते, तू चव्वेचाळीस. दोघींनी शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता.

सुधीर म्हणाला, "मिक्सर आणायला गेली होतीस ना?"

शुक्रवारी सकाळी रस्ते रिकामे असायचे, म्हणून आपला वार शुक्रवार. पूर्ण बाह्यांचे शर्ट, ट्रॅक पँट, डोक्याला रुमाल, त्यावर हेल्मेट. पाणथळीच्या बाजूने निघून उत्तरेच्या रस्त्याला लागायचं. चढ नव्हताच, पण वारा होता. उत्तरेचा शमाल सुटला की समोरून भिंत उभी राहायची, आणि सपाट रस्त्यावर आपण सर्वांत हलक्या गिअरवर हाशहुश करत असायचो. "हाच आपला घाट," तू म्हणालीस. मग आपण शमालची वाट बघू लागलो. बाकीचे लोक खिडक्यांना टेप लावायचे तेव्हा तू मला फोन करायचीस, "उद्या चांगला वारा आहे गं."

एकीने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसरीने तिच्या मागच्या चाकाला वीतभर अंतरावर चिकटून आडोशाने चालवायचं. विजेचे पाच मोठे मनोरे झाले की बदली. हे मी रामोनकडून, तो निघायच्या आधी शिकले. पण नियम तुझा होता. पहिल्याच महिन्यात एकदा मी जोरात होते, मागे बघितलंच नाही, आणि तू अर्धा किलोमीटर मागे पडलीस. गाठल्यावर दम घेऊन तू शांतपणे म्हणालीस, "पुढचीने मागचीला टाकून जायचं नाही. मागची सुटली की थांबायचं. यात वाद नाही." पेशंटला औषधाची वेळ सांगावी तसं. मी मान डोलावली.

घरी येऊन तू आंघोळ करायचीस आणि दहाच्या मिस्सेसाठी कंपनीच्या बसने दोह्याला निघायचीस. तेव्हा दोह्यात चर्चची इमारत नव्हती. एका शाळेच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या लावून मिस्सा व्हायची, तीही शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारची. फादरांच्या मागे भिंतीवर मुलांनी रंगवलेली सूर्यमाला होती, हे तूच सांगितलंस. "गेले अकरा महिने मी शनीकडे बघून प्रार्थना करते." रविवारी तू ड्यूटीवर असायचीस, मी ऑफिसात. मी म्हणायचे, "फिलो, तुझा रविवार शुक्रवारी येतो." तू हसायचीस. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

चढाचा सराव कसा करायचा, यावर मी एक उपाय काढला होता. दोह्यातल्या एका मॉलची चार मजली पार्किंग. सकाळी ती रिकामी असे. आपण तिच्या रॅम्पवरून वर जायचो, लिफ्टने सायकली खाली आणायचो आणि पुन्हा वर. लिफ्ट का, तर वळणावर उतरताना मला भीती वाटायची, आणि उतरण्यात व्यायाम तो काय? सतराव्या फेरीला वॉचमन आला. "मॅडम, खलास. खलास प्लीज." तू त्याला विचारलंस, "भाई, आप किधर से?" तो नेपाळचा निघाला. तू म्हणालीस, "मग तुला तर कळायला हवं." त्याने आणखी तीन फेऱ्या करू दिल्या.

माझं काम प्लॅनिंगचं. कुठलं काम कधी सुरू, कधी संपणार, कुणाचं कुणामुळे अडेल, याचे तक्ते करायचे. स्पेनचाही तक्ता केला. प्रत्येक दिवसाचे किलोमीटर, चढाची उंची, मुक्काम, बघायची ठिकाणं, पाणी कुठे मिळेल. तुझी एक्झिट परमिट, माझी रजा, व्हिसाची कागदपत्रं, सगळं त्यात. परमिटवर सही करताना तुझ्या मॅनेजरने विचारलं, "सायकल चालवायला स्पेन? सिस्टर, घरी काही प्रॉब्लेम आहे का?" तक्ता तुला दाखवला, तू दोनदा वाचलास, सुधीरनेही वाचला. त्यात मी शुक्रवारी लिहिलं होतं: दुकाने बंद, विश्रांती. रविवारी लिहिलं होतं: कामाचा दिवस, लवकर निघणे, मुख्य घाट.

तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. सुधीरचं आणि माझं समजू शकते. पण तू वसईची, बाप्तिस्म्याचं पाणी घातल्यापासून कॅथलिक, तुझ्याही नाही. आखातात इतकी वर्षं राहिलं की आठवडा असा आतून सरकतो.

स्पेनमध्ये शुक्रवारी आपण विश्रांती घेतली. सगळं गाव कामाला लागलं होतं, दुकानं उघडी होती, आणि आपण दोघी एका चौकात बाकावर बसून शेंगदाणे खात होतो. शनिवारी रामोनच्या गावाला पोहोचलो. किल्ला बघायला वर गेलो तर दाराला कुलूप. किल्ला फक्त बुधवारी उघडतो, म्हणाली रामोनची आई. बोटांनी दिवस मोजून दाखवले. मी तक्ता काढून बघत राहिले. तू तटाला पाठ टेकून खाली बसलीस. समोर मैलभर बदामाची झाडं, पलीकडे लाल माती, मागे बर्फ. "बाहेरून तर रोज दाखवतात ना," तू म्हणालीस.

आता रविवार.

आठला निघालो. पंक्चरचं सामान, पाने आणि पंप माझ्या सायकलला, कारण ते मला वापरता यायचं. खाण्याचा डबा तुझ्या पिशवीत, कारण माझ्याकडे दिला की मी वेळेआधी संपवते असं तुझं म्हणणं. तिखटमिठाच्या पुऱ्या मी अल खोरहून करून नेल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या, आणि रामोनच्या आईने दिलेली उकडलेली अंडी. ही वाटणी पहिल्या दिवसापासून तशीच होती आणि अगदी बरोबर होती, जोवर दोघी एकत्र आहेत तोवर.

चार किलोमीटरवर दुसरं गाव. तिथून चढ सुरू. गावात शिरलो आणि घंटा वाजायला लागली. चर्च छोटं होतं, मनोरा चौकोनी, विटांचा. मूळचा तो मशिदीचा मनोरा, रामोनने नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं. काळ्या कपड्यातल्या चार-पाच बायका पायऱ्यांवर उभ्या होत्या. तू ब्रेक दाबलास. एक पाय खाली टेकवून वर बघत राहिलीस.

"अलका, आज वार काय?"

"रविवार."

"रविवार आहे गं," तू म्हणालीस. मी तेच म्हटलं होतं, तरी तू पुन्हा म्हणालीस.

मग तू सायकल भिंतीला लावलीस. मी विचारलं, किती वेळ. तू म्हणालीस, पाऊण तास, फादर आले की. फादर कधी येतात? तू त्या बायकांना खुणेने विचारलंस. एकीने खांदे उडवले. फादर एक, गावं चार, गाडीतून येतात, मागच्या गावात उशीर झाला की इथे उशीर. मी घड्याळ बघितलं. दुपारी वर वारा सुटतो असं लोकांनी सांगितलं होतं. पलीकडे उतरून मुक्कामाला पोहोचायचं होतं. तक्त्यात हा पाऊण तास नव्हता.

"आपण पलीकडे उतरल्यावर जा की एखाद्या चर्चमध्ये. दिवसभर उघडी असतात."

"चर्च बघायचं नाही मला, मिस्सेला बसायचं आहे. दहा वर्षांत रविवारची मिस्सा मिळाली नाही."

आणि मी म्हणाले, "तुझा रविवार शुक्रवारीच होऊन जातो की."

अल खोरला या वाक्यावर तू नेहमी हसायचीस. इथे हसली नाहीस. हेल्मेट काढून हँडलला अडकवलंस, डोक्याचा रुमाल नीट बांधलास आणि म्हणालीस, "हो. शनीसमोर." मग, "तू थांब ना थोडी."

मी थांबले नाही. "हळूहळू पुढे होते, वर भेटू," म्हणाले आणि निघाले. नियम तुझा, वाद नाही असा, आणि मी चार वर्षं पाळलेला. मोडायला एक पेडल मारायला लागलं.

चढ मी चांगला चढले, हे लपवत नाही. शमालने पाय तयार केले होते. पाइनची झाडं लागली, हवा थंड झाली, वळणावळणाला खाली किल्ला लहान होत गेला. अकराच्या सुमाराला वर पोहोचले. उंचीचा बोर्ड होता, एक दगडी निवारा होता, दाराला कुलूप. मला आनंद झाला, तो पंधरा मिनिटं टिकला. मग भूक लागली आणि लक्षात आलं की डबा खाली आहे. घाम वाळला आणि थंडी वाजायला लागली. बारा वाजले. साडेबारा. आपले मोबाइल देशाबाहेर चालत नसत. खाली जाऊन तुला गाठायला अर्धा तास पुरला असता, उतारच होता. मी ते ठरवून केलं नाही. का, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उतरले असते तर पुन्हा चढावं लागलं असतं. एवढंच कारण. तुझं काय झालं असेल हा विचार आला नव्हता असं नाही. आला, आणि चढाच्या विचारापुढे मागे पडला.

पावणेदोनला तू दिसलीस. सायकल हाताने ढकलत, पुढचं टायर बसलेलं, चेहरा लाल. एक गाडीवाला थांबला होता, पण सायकल आत मावेना आणि तू सायकल सोडेनास. शेवटचे पाच किलोमीटर चालत आली होतीस. पंप माझ्याकडे होता ना.

मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते आठवत नाही, बहुधा तुलाच विचारणार होते की इतका उशीर का. तू पिशवी सोडून डबा माझ्या हातात दिलास. "आधी खा. मग भांड."

मी खाल्लं. तू बूट काढून पाय गवतावर ठेवलेस, दोन्ही टाचांना फोड. मी तीन पुऱ्या आणि दोन अंडी खाल्ली आणि मग तुझं पंक्चर काढलं. त्या वेळात तू फक्त एकदा बोललीस. "फादर पावणेदहाला आले. उशीर झाला म्हणून त्यांनी सगळ्यांची माफी मागितली. मला भाषा येत नाही, पण तेवढं कळलं."

मला वाटलं टोमणा आहे. आजही मला नक्की ठरवता आलेलं नाही.

पलीकडच्या उतारावर माझ्या प्लॅनिंगचं उरलंसुरलं पितळ उघडं पडलं. चार वर्षं आपण वाऱ्यात चढाचा सराव केला आणि उतरायचा एकदाही केला नाही. सपाट देशात उतार आणायचा कुठून, आणि मॉलचा होता तो मी लिफ्टने टाळला होता. पहिल्याच वळणावर मी इतकी घाबरले की सायकलवरून उतरून उभी राहिले. तुझे पाय फोडांनी भरलेले, तरी तू पुढे झालीस. "माझ्या मागे राहा. मी ब्रेक सोडला की तू सोड, मी दाबला की दाब. खाली बघू नकोस, माझ्या पाठीकडे बघ." वीस-बावीस किलोमीटर मी तुझ्या पिवळ्या शर्टाकडे बघत उतरले. प्रत्येक वळणाच्या आधी तू डावा हात जरा वर करायचीस. म्हणजे पांढरी गावं, डोंगरउतारावरून अरबांनी काढलेले पाण्याचे पाट, ज्यांच्यासाठी आपण इतक्या लांब गेलो होतो, त्यातलं मी फारसं काही पाहिलं नाही. तू मात्र थांबलो की सांगायचीस, "बघ, पाटाला पाणी आहे." पाण्याचा आवाज मी ऐकला, तो लक्षात आहे.

घरी आल्यावर दिवाळीच्या जेवणाला सगळे जमले तेव्हा सुधीरने विचारलं, "काय मग, घाट झाला का?" मी पाण्याचा ग्लास उचलला. तू म्हणालीस, "झाला ना. ही पुढे गेली वर जागा धरायला. मी मिस्सा करून, फिरत फिरत, डबा घेऊन गेले." सगळे हसले. "जागा धरायला," सुधीर म्हणाला, "ही सिनेमालाही अर्धा तास आधी जाते." तिथून ती गोष्ट चालू झाली. दर वर्षी तिच्यात थोडी भर पडत गेली. शेवटी शेवटी तर मी वर रुमाल टाकून बसले होते.

गाडीत एकदाच तुला विचारलं, असं का सांगतेस. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "आपल्या दोघींत झालं ते त्यांना कशाला?" आणि मग, "शिवाय जागा धरलीच होतीस. कुणी बसलं का तिथे?"

त्या वेळी बोलायला हवं होतं. सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी काढली.

त्याऐवजी मी पंप आणला. दुसरा, तुझ्या सायकलसाठी, छोटा, फ्रेमला बसणारा. रंगीत कागद वगैरे नाही, दुकानाच्या प्लास्टिकमध्ये होता तसाच दिला. तू विचारलंस, "हे काय, सॉरी?"

"नाही. पंप."

"पंप कशाला? तू थांबलीस की झालं." पण ठेवून घेतलास.

नंतर शुक्रवारी राइड झाली की मीच तुला गाडीने दोह्याला न्यायला लागले. भाजी घ्यायची असते, असं मी सांगायचे. भाजी अल खोरलाही मिळते, हे तुला माहीत होतं. तू आत, मी बाहेर गाडीत पेपर वाचत. पुढे गावाबाहेर चर्चची खरी इमारत झाली, शाळेचा हॉल सुटला. तू पहिल्या शुक्रवारी बाहेर येऊन काचेवर टकटक केलंस. "आत ये ना. एसी आहे."

"गाडीतही एसी आहे," मी म्हटलं.

तू हसून परत गेलीस. मी काच वर केली. मला तेव्हा वाटायचं, मी तुझ्यासाठी दर आठवड्याला थांबते आहे, एवढं पुरे. तुला दिसत होतं, तू मोजत होतीस, असं मी धरून चालले होते. खरं म्हणजे तू काय मोजत होतीस ते मी कधी विचारलं नाही. त्या रविवारचा वाद अपुरा राहिला तो असा. मी म्हणायचे, आदल्या दिवशी सांगितलं असतंस तर तासभर उशिरा निघालो असतो. तू म्हणायचीस, मलाच आदल्या दिवशी माहीत नव्हतं. दोघींचं बरोबर होतं, म्हणून तो मिटत नव्हता. एका शब्दाने मिटला असता, आणि तो माझ्याकडे होता.

गेल्या वर्षी रिटायर होऊन तू वसईला गेलीस. सायकल खोक्यात भरून मीच पॅक केली. तिकडचे खड्डे बघ आणि मग चालव, म्हटलं. तू म्हणालीस, "खड्ड्यांत उतार असतो, तुला जमणार नाही." फोनवर आपण हवामान, एलनचं लग्न, सुधीरचं बीपी एवढंच बोलायचो. बोलण्यासारखं अजून पुष्कळ आहे, वेळही आहे, असा माझा हिशेब होता. तक्ते करणारी बाई मी.

परवा एलन फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आंटी, ममीच्या सायकल बॅगमध्ये एक पंप आहे. तुम्हाला हवा का? ब्रँड न्यू आहे. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही."

सात वर्षं. मध्ये तुला पंक्चर झाली नाहीत असं नाही. मीच मोजली तर आठ-नऊ निघतील. प्रत्येक वेळी तू बाजूला उभी राहायचीस, मी माझा पंप काढायचे. तुझ्याकडे तुझा होता, मला वाटायचं तू घरी विसरून येतेस. विसरत नव्हतीस. पिशवीत असायचा. तू त्याचं प्लास्टिक फोडलंच नाहीस, कारण मी मागेपुढे कुठेतरी असणारच, हे तू गृहीत धरलं होतंस. एका रविवारी मी तसं वागले नव्हते, तरीही.

एलनला सांगितलं, पंप तिथेच राहू दे, मी आले की बघते.

रविवारी मी जे बोलणार आहे ते दोन-तीन वाक्यांचंच होईल. मी जागा धरायला गेले नव्हते. फिलोने थांब म्हटलं आणि मी थांबले नाही, ती पाच किलोमीटर चालत आली आणि आल्यावर तिने मला आधी जेवायला घातलं. मी चुकले होते. एलनला कदाचित आवडणार नाही, तिला जागा धरलेलीच गोष्ट हवी आहे. पण तुमची गावची माणसं तुला ओळखतात, त्यांना ही जास्त तुझी वाटेल.

रविवारची रजा मिळाली आहे. शनिवारी वसई. पुऱ्या करून आणते आहे, कुणासाठी ते ठाऊक नाही, हात वळला म्हणून. मिस्सा सकाळी आहे असं एलन म्हणाली. मी आत बसणार आहे, पुढच्या बाकावर नाही, पण आत. फादर किती वाजता येतात, ते मी विचारलेलं नाही.

अलका